जुन्या गाडीची उंची आणि टायर: आधी टेप, मग पाटे, शेवटी टायर



गॅरेज किंवा टायरचं दुकान टाकायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, गल्लीगल्लीत गॅरेज आहेत, आपल्याकडे कोण येणार?" व्हिडिओमध्ये मी म्हणालो होतो की सगळ्यांसाठी सगळं करू नका, एक काम पकडा. आज त्याचंच एक उदाहरण सविस्तर बघू. जुन्या गाड्यांची बसलेली उंची सरळ करणं आणि त्यांना योग्य टायर निवडून देणं, हे ते काम.

उदाहरणाला आपली प्रीमियर पद्मिनी घेऊ. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आता ज्या उरल्यात, त्या हौशी मालकांकडे. या माणसाला गाडी फक्त चालायला नको असते, ती नीट उभीही राहायला हवी असते. आणि शोरूमचा मेकॅनिक तिला हात लावत नाही. ही तुमची जागा.

ग्राहक काय मागतो आणि त्याला काय हवं असतं

ग्राहक येतो आणि म्हणतो, "टायर बदलून द्या, एका बाजूने घासतायत." तुम्ही चार टायर विकलेत तर आजचा गल्ला भरेल. पण गाडी एका कोपऱ्यात बसलेली असेल, तर नवे टायरही तसेच घासणार. सहा महिन्यांनी तोच माणूस परत येईल आणि तुमचं नाव खराब करेल. म्हणून या धंद्याचा नियम एकच: आधी उंची, मग टायर.

पायरी १: मोजा

गाडी सपाट जमिनीवर उभी करा. चारही टायरमध्ये ठरलेली हवा भरा, डिकी रिकामी करा. गाडी चारही कोपऱ्यांवर दोन-तीनदा दाबून सोडा, म्हणजे ती आपल्या जागी बसेल. मग चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. जमिनीपासून मोजू नका, कारण त्यात टायरचा साइज आणि हवा दोन्ही मिसळतात. चार आकडे कागदावर लिहा. समजा, मागे डावीकडे उजवीपेक्षा २ सेंटिमीटर कमी आलं, तर दुखणं कुठे आहे ते टेपनेच सांगितलं. फक्त मडगार्ड पूर्वी ठोकून सरळ केलेलं नाही ना, तेवढं बघून घ्या.

पायरी २: कारण शोधा

पद्मिनीला पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे असतात. वर्षानुवर्षं वजन वाहून पाट्यांची कमान सपाट होते, कधी एखादं पान तुटलेलं असतं, कधी शॅकलचे बुश संपलेले असतात. पुढे स्प्रिंग थकते किंवा तिची बैठक गंजते. ॲम्बेसेडर आली तर गणित वेगळं. तिला पुढे टॉर्शन बार असतो, म्हणजे पीळ घेऊन वजन पेलणारी लोखंडी दांडी.

एक गैरसमज इथेच काढून टाका. "शॉकअप बदला, गाडी उचलेल" असं बरेच जण सांगतात. साधा शॉकअप गाडीची उंची धरत नाही, तो फक्त उसळी आवरतो. वजन पेलायचं काम स्प्रिंगचं आणि पाट्याचं. नुसते शॉकअप विकून उंचीचं वचन देऊ नका.

पायरी ३: दुरुस्ती जोडीने करा

पाट्यांना पुन्हा कमान देणारे कारागीर ट्रकलाइनला मिळतात, त्यांच्याशी ओळख ठेवा. काम दोन्ही बाजूंचं एकत्र करायचं. एकच बाजू नवी केली तर गाडी दुसरीकडे झुकते. आणि रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचे कसू नका. गाडी चाकांवर उतरवा, वजन येऊ द्या, मग कसा. नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो, लवकर फाटतो आणि उंचीही चुकीची दिसते.

तरुण ग्राहक म्हणेल, "स्प्रिंग कापून थोडी खाली बसवा ना, लुक येतो." इथे नाही म्हणायला शिका. गॅसने तापवलेल्या स्प्रिंगचं पाणी उतरतं. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात चाक लोंबलं की बैठकीतून सुटू शकते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरसीवरची कंपनीची मूळ माहिती बदलेल असा फेरफार चालत नाही, हे सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी घ्यायची असेल, तर ती मूळ रूपात असणं ही अटच आहे. गाडी मूळ उंचीवर आणणं ही दुरुस्ती झाली. त्याच्या खाली नेलीत, तर अपघातानंतर पहिलं बोट तुमच्याकडे येईल.

पायरी ४: आता टायर

पद्मिनीचा मूळ टायर ५.२०-१४, क्रॉसप्लाय. त्याचा व्यास साधारण ६१० मिलिमीटर. आज रेडियल घालायचा तर व्यास जवळपास तेवढाच हवा. हिशोब सोपा आहे: रुंदी गुणिले टक्के, त्याची दुप्पट, अधिक रिम. १४ इंची रिम म्हणजे ३५६ मिलिमीटर.

- १६५/८० आर १४: १३२ च्या दुप्पट २६४, अधिक ३५६, म्हणजे ६२०. मूळच्या जवळ.
- १५५/६५ आर १४: १०१ च्या दुप्पट २०२, अधिक ३५६, म्हणजे ५५८. मूळपेक्षा ५२ ने कमी.

दुसरा टायर रिमवर बसतो, दुकानात सहज मिळतो, म्हणून लोक घालतात. पण त्याने स्प्रिंगला हात न लावता गाडी अडीच सेंटिमीटर खाली येते. प्रत्यक्ष वेग ६० असताना मीटर ६५ च्या वर दाखवतो. म्हणजे टायर निवडणं हासुद्धा उंचीचाच निर्णय आहे.

साइज ठरला की पुढच्या गोष्टी तपासा:

- रिमची रुंदी त्या टायरला चालते का, हे टायर कंपनीच्या तक्त्यात बघा. वजन पेलण्याचा आकडाही तिथेच बघा.
- स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि मागे माणसं बसवून टायर कुठे घासत नाही ना, हे पाहा.
- रेडियल आणि क्रॉसप्लाय एकाच गाडीत मिसळू नका. चारही एकाच जातीचे घ्या.
- जुनी रिम असेल तर ट्यूब घाला, आणि रेडियलला रेडियलचीच ट्यूब.
- साइडवॉलवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. हौशी गाडी कमी फिरते. नक्षी भरपूर दिसते, पण रबर म्हातारं झालेलं असतं.

शेवटी अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत. उंची बदलली की दोन्ही बदलतात.

पैसे कुठे आहेत?

टायरवरचं मार्जिन तुम्हाला मोठ्या दुकानाशी भांडून मिळवावं लागेल. तुमची कमाई तपासणीत आणि मजुरीत आहे. म्हणून बिलात तीन ओळी वेगळ्या ठेवा: तपासणी, मजुरी, माल. समजा, तपासणीची फी ७०० रुपये ठेवली आणि ग्राहकाने पुढचं काम दिलं, तर ती मजुरीतून वजा करा. ग्राहकाला फुकट गेल्यासारखं वाटत नाही आणि तुमचा तासही वाया जात नाही.

चार कोपऱ्यांचे आधीचे आणि नंतरचे आकडे, फोटो आणि टायरचा साइज जॉबकार्डवर लिहा. ग्राहकाची सही घ्या, एक प्रत त्याला द्या. त्याने सांगूनही एखादं काम टाळलं असेल, तर तेही लिहा. जुन्या गाडीवाले एकमेकांना ओळखतात. तुमचा कागद हातोहात फिरतो, आणि ही जाहिरात तुम्हाला फुकट पडते.

भांडवल? मोजमापाचा टेप, हवेचा गेज, भक्कम जॅक आणि चार स्टँड, सपाट जागा. अलाइनमेंट सुरुवातीला बाहेरून करून घ्या, मशीनचं कर्ज पहिल्याच वर्षी डोक्यावर नको.

या आठवड्याचा गृहपाठ: ओळखीतली एक जुनी गाडी गाठा, चार कोपरे मोजा, टायरचे आकडे वाचा आणि एका पानाचा अहवाल तयार करून मालकाच्या हातात द्या. त्याने तो वाचून तुम्हाला दोन प्रश्न विचारले, तर समजा तुमचा पहिला ग्राहक समोरच उभा आहे.