तेलाच्या पिंपातले सूर

मेसमध्ये ताटावर चमच्याने ठेका धरला म्हणून मला मैदानाच्या तीन फेऱ्या माराव्या लागल्या. शिक्षा रास्तच होती. पण अशाच ठोकाठोकीतून त्रिनिदाद बेटावर एक वाद्य जन्मले, हे बँडच्या सरांनी मला नंतर सांगितले.

तिथे १८८० च्या दशकात इंग्रज सरकारने रस्त्यावरच्या ढोलांवर बंदी आणली. लोकांनी बांबू जमिनीवर आपटत कार्निव्हलच्या मिरवणुका चालू ठेवल्या. १९३० च्या दशकात पोरांनी बिस्किटांचे डबे, गाड्यांचे ब्रेक ड्रम, हाती लागेल ते घेतले. नोटेशन नाही, चालता चालता सुचेल तो ठेका. ठोकून डब्याला पोचे पडले आणि प्रत्येक पोच्याचा आवाज वेगळा निघतो, हे त्यांच्या लक्षात आले.

पुढे तेलाची रिकामी पिंपे आली. पिंपाचा तळ हातोड्याने ठोकून परातीसारखा खोल करतात, त्यात स्वरांच्या जागा आखून त्या खालून ठोकत फुगवतात आणि पिंप आगीवर तापवतात. जागा जितकी लहान तितका सूर उंच. काठ्यांना टोकाशी रबर असते.

या वादकांना तेव्हा गुंड समजत. पोलीस त्यांच्या मागे लागत. तरी १९५१ मध्ये त्यांचा निवडक संघ लंडनच्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’मध्ये वाजवायला गेला, आणि त्याला तयार केले ते पोलीस बँडमधल्या लेफ्टनंट जोसेफ ग्रिफिथ यांनी! १९५७ मध्ये तर अमेरिकी नौदलानेही स्टील बँड उभारला.

सरांच्या परवानगीने रविवारी मी स्टोअरमागे एका रिकाम्या डब्यावर हातोडी चालवतो. अजून दोनच सूर सापडलेत.