तसबिरीची मागची बाजू

चतुर्थी आठ-पंधरा दिवसांवर आली की पेडण्याकडच्या घराघरांतून साफसफाईची आणि भिंतींना चुना किंवा रंग देण्याची एकच घाई उडते. मांद्र्यास माझे आजोळ आहे. काही वर्षांपूर्वी अशाच घाईच्या दिवसांत मी तेथे गेलो होतो. वसरीतल्या सगळ्या तसबिरी उतरवून झोपाळ्यावर मांडून ठेवल्या होत्या. त्यांत राधाकृष्ण होते, दत्तगुरू होते, आजोबा होते आणि एका काळ्या चौकटीत माझी पणजी होती. घरात तिचे एवढे एकच छायाचित्र. मामी ओल्या फडक्याने काचा पुसत होती. पणजीपाशी येताच तिचा हात थांबला. पणजीच्या गालावर एक तपकिरी डाग दिसत होता आणि कितीही पुसला तरी तो जाईना. कारण डाग काचेच्या आत होता. मागची फळी काढली तेव्हा पुठ्ठ्याचा भुगा हातात आला आणि छायाचित्र काचेस घट्ट चिकटलेले आढळले. मामी खिन्नपणे म्हणाली, “दर वर्षी पुसते रे मी. पण मागची बाजू कोण बघतं?”

मामीच्या या एका प्रश्नात आजच्या विषयाचे सार आले आहे. भिंतीवर चित्रे कशी लावावी, याचा विचार करताना आपण चित्राच्या दर्शनी बाजूचाच विचार करतो. परंतु आपल्या या पावसाच्या प्रदेशात चित्राचे आयुष्य ठरते ते त्याच्या पाठीमागे काय घडते यावर. म्हणून आधी पाठीचा विचार करू आणि मग शोभेचा.

आपल्या भिंतींवर चित्रे आली, त्याला फार काळ झालेला नाही. पूर्वी चित्र काढावयाचे ते भिंतीवरच. कोकण-गोव्यातील जुन्या देवळांतून पांढऱ्या चुन्यावर तांबडा थर देऊन तो कोरून काढलेली कावी चित्रे अद्याप पाहावयास मिळतात. भिंत आणि चित्र तेथे एकजीव असत. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईस छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. या छापखान्यातून निघालेली देवादिकांची रंगीत चित्रे अल्प मोलात घरोघर पोचली. त्यांच्या मागोमाग छायाचित्रे आली आणि नंतर दिनदर्शिका आल्या. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या मूळच्या गोमंतकीय चित्रकारांची चित्रे तर लोकांनी दिनदर्शिकांतून आणि मासिकांतून कापून चौकटीत बसविली. कागद हा असा भिंतीवर चढला. परंतु कागद आणि आपली भिंत यांचे काही केल्या जमत नाही, हे मात्र आपण ध्यानात घेतले नाही.

हे का जमत नाही? गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षास सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. आपली जुनी घरे चिऱ्याची. चिरा हा सच्छिद्र दगड. तो पाणी शोषून घेतो आणि सावकाश सोडतो. भिंत बाहेरून भिजली की तिचा ओलावा आतल्या गिलाव्यापर्यंत येतो. तसबीर भिंतीस चपटी टेकलेली असेल तर हा ओलावा तिच्या मागे कोंडतो. हवेतील आर्द्रता दीर्घकाळ सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरू लागते. बुरशीपाठोपाठ कसर येते, आणि भिंतीतून वाट काढीत वाळवी येते. छायाचित्राच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा पातळ थर असतो. तो दमट हवेत फुगतो आणि काचेस टेकलेला असेल तर तिला चिकटून बसतो. पणजीच्या छायाचित्राचे झाले ते हेच.

यास्तव पहिली गोष्ट म्हणजे भिंतीची निवड. आपल्याकडे पाऊस येतो तो नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून. घराच्या पश्चिम आणि दक्षिण अंगाच्या बाहेरच्या भिंती सर्वांत अधिक भिजतात. पावसाळ्यात या बाजूंस विणलेल्या झावळ्यांचा आडोसा बांधण्याची जुनी रीत होती, ती उगाच नव्हे. ज्या भिंतीस झावळ्या लागतात, तिच्यावर कागदाचे चित्र लावू नये. तेथे पितळेचे, मातीचे किंवा रोगण दिलेल्या लाकडाचे काही लावावे. चित्रांसाठी दोन खोल्यांमधली, म्हणजे दोन्ही अंगांनी कोरडी राहणारी भिंत उत्तम. नवीन सिमेंटच्या घरांतही हाच नियम. न्हाणीघराला लागून असलेली भिंतही टाळावी. तसेच ज्या जागी सकाळ-संध्याकाळ थेट ऊन येते, ती जागा चित्रास शत्रुवत् समजावी. जलरंग आणि छापील रंग उन्हाने उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही.

दुसरी गोष्ट, चित्रामागे हवा खेळती ठेवणे. आपल्या आजोबांच्या काळी तसबीर खालून दोन खिळ्यांवर टेकवीत आणि वरून दोरीने बांधून पुढे झुकवीत. तसबिरी आढ्याशी लावलेल्या असत, त्यामुळे खाली उभ्या असलेल्यास त्या नीट दिसाव्यात हा त्यातील हेतू. परंतु त्यामुळे मागे वाराही फिरे. आज आपण तसबीर झुकवीत नाही. त्याऐवजी चौकटीच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांस बुचाचे किंवा लाकडाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे चिकटवावे. एवढ्यानेच चित्र आणि भिंत यांच्यात फट राहते आणि वाळवीची वाटही चटकन दृष्टीस पडते.

तिसरी गोष्ट चौकटीची. कागद काचेस कधीही टेकू देऊ नये. चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची खिडकी कापून घातली की काच आणि चित्र यांत अंतर राहते. ती केवळ शोभेसाठी नसते. हा पुठ्ठा आणि मागचा पुठ्ठा आम्लरहित असावा. साधा पुठ्ठा आणि प्लायवूड यांतील आम्लाने कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. तैलचित्रास मात्र काच नसली तरी चालते. काच पुसावयाची ती कोरड्या फडक्याने. कारण ओल्या फडक्याचे पाणी खालच्या कडेने चौकटीत उतरते. देवाच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या तसबिरीस घातलेला ताजा हार आणि काचेवर लावलेले गंध यांचेही पाणी तेथेच साठते. हार घालू नये असे मी म्हणत नाही. तो संध्याकाळी काढावा आणि कड कोरडी करावी, एवढेच.

खिळ्याविषयीही दोन शब्द. चिरा मऊ असल्यामुळे त्यात नुसता ठोकलेला खिळा कालांतराने सैल होतो, आणि खाऱ्या हवेने लोखंड गंजते. भिंतीत भोक पाडून त्यात लाकडाची गुल्ली घट्ट बसवावी आणि तिच्यात पितळेचा किंवा न गंजणाऱ्या पोलादाचा स्क्रू फिरवावा. मोठी तसबीर एका ऐवजी दोन स्क्रूंवर टांगली तर ती तिरकी होत नाही.

आता शोभेकडे वळू. आपल्याकडील सर्वांत सामान्य चूक म्हणजे चित्रे फार उंच लावणे. देव आणि पूर्वज वर असावेत ही भावना समजण्यासारखी आहे. परंतु इतर चित्रे पाहण्यासाठी असतात. संग्रहालयांतून चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंटिमीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या दृष्टीच्या पातळीवर ठेवण्याचा प्रघात आहे. घरात आपण बहुधा बसून पाहतो. म्हणून बैठकीच्या खोलीत चित्र त्याहून वीतभर खाली आणावे. बाकाच्या किंवा कोचाच्या वर चित्र असेल तर पाठीपासून चौकटीपर्यंत १५ ते २० सेंटिमीटर अंतर पुरे. त्याहून अधिक ठेवले तर चित्र आणि आसन यांची ताटातूट होते.

अनेक लहान चित्रे असतील तर ती चारी भिंतींवर विखरून टाकू नयेत. एकत्र मांडून त्यांचे एक कुटुंब करावे. खिळा ठोकण्यापूर्वी ती जमिनीवर मांडून पाहावी. सर्वांत मोठे किंवा गडद चित्र मध्याच्या किंचित खाली ठेवावे आणि दोन चौकटींत ५ ते ८ सेंटिमीटर अंतर सगळीकडे सारखे राखावे. मांडणी मनास आली की चौकटींच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद कापून भिंतीस चिकटवावे आणि दोन दिवस येता-जाता पाहावे. कागद हलविता येतो. भिंतीतले भोक हलविता येत नाही.

आणि लावावे तरी काय? त्यासाठी फार दूर जावयास नको. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे जाईपर्यंत पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता. त्या सावंतवाडीत आजही हाताने रंगविलेले गोल गंजिफा तयार होतात. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० पाने असतात. त्यांतील दहा राजांची पाने एका ओळीत चौकटीत बसविली तर भिंतीस दुसरे काही नको. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. रामायण-महाभारताच्या कथा सांगताना एकेक चित्र पुढे धरावयाचे, अशी ही कला. तिच्या जतनासाठी परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीची चित्रे मुळात भिंतीवर नसत. पोथीप्रमाणे बांधून ठेवलेली असत आणि कथेच्या वेळी बाहेर निघत. जपानी घरांतही पाहुण्यांच्या खोलीत एक कोनाडा असतो. त्यात एका वेळी एकच चित्र टांगतात आणि ऋतू पालटला की ते गुंडाळून दुसरे लावतात. रोज समोर असलेले चित्र डोळ्यांस दिसेनासे होते, हे या दोन्ही रीतींनी ओळखले होते.

हा पालट आपल्याकडे तर हवेनेच नेमून दिला आहे. मृगाचा पाऊस येण्याआधी नाजूक कागदाची चित्रे उतरवून कोरड्या कपाटात, सपाट आडवी ठेवावी. चतुर्थीच्या साफसफाईत भिंतीवर राहिलेली प्रत्येक तसबीर उतरवून तिची मागची बाजू पाहावी. दसऱ्यानंतर, भिंती सुकल्यावर, ठेवलेली चित्रे पुन्हा लावावी. त्याच जागी नव्हे, जरा बदलून. घर नवे वाटते आणि चित्रही.

पणजीच्या छायाचित्राचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. ते काचेपासून ओढून काढण्याचा मोह आम्ही आवरला. तसे केले असते तर चेहराच काचेवर राहिला असता. काचेसकट त्याची छायाप्रत काढून घेतली आणि डाग जमेल तेवढा पुसून नवी प्रत तयार केली. मूळ छायाचित्र काचेसह कपाटात ठेवले आहे. नवी प्रत आता मधल्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या नजरेस पडेल अशा उंचीवर आहे. पूर्वी आढ्याशी होती तेव्हा पणजीच्या हनुवटीवर गोंदण आहे, हे घरातील मुलांस ठाऊकच नव्हते. आता ती विचारतात, “ही कोण?” मामी सांगू लागते, आणि चतुर्थी आली की चौकट उलटी करून आधी मागची बाजू पाहते.