कमजोर पायाची शाळा

भारतीय फुटबॉल संघाची आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधली कहाणी लिहायची तर आधी गोव्यातल्या फातोर्ड्याला जाऊन ये, असं संपादकांनी सांगितलं. १४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. समोर सिंगापूर होतं आणि २०२७च्या आशियाई चषकाचं दार आपल्यासाठी जेमतेम किलकिलं उरलं होतं. चौदाव्या मिनिटाला लालियानझुआला छांगटेनं लांबून मारलेला चेंडू जाळ्यात गेला आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं. मध्यंतराला मिनिटभर असताना साँग उई-यंगनं बरोबरी केली. ५८व्या मिनिटाला पुन्हा त्यानंच गोल मारला. १-२. दार बंद झालं.

माझ्या शेजारी साठीचे एक गृहस्थ बसले होते. मडगावजवळच्या एका मैदानावर संध्याकाळी पोरांना फुटबॉल शिकवतात. चेंडू कुठं चाललाय याकडे त्यांचं लक्षच नव्हतं, ते पाय बघत होते. आपला एक खेळाडू डाव्या पायावर आलेला चेंडू उजव्यावर घ्यायला वळला आणि तेवढ्यात सिंगापूरच्या बॅकनं वाट अडवली, तेव्हा ते हळूच म्हणाले, “एकाच पायाचो खेळगडो.” मग माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, “रहीमसाहेबांबद्दल वाचलंय का तुम्ही?”

वाचलं होतं, पण वरवर. परत आल्यावर नीट वाचलं, आणि मग बाकीचा इतिहास मला त्यांच्या आधीचा आणि त्यांच्या नंतरचा असा दोन भागांतच दिसू लागला.

आधीचा भाग सगळ्यांना तोंडपाठ असतो. १९४८ची लंडन ऑलिंपिक, बहुतेक खेळाडू अनवाणी, कप्तान नागा डोंगरांतून आलेले डॉक्टर टी. आओ. फ्रान्सशी आपण १-२ असे हरलो. सारंगपाणी रामननं गोल केला, पण दोन पेनल्टी वाया गेल्या. १९५०च्या विश्वचषकात आपली जागा पक्की होती, कारण आपल्या गटातले बाकीचे देश माघारी गेले होते. तरी संघ ब्राझीलला गेला नाही. अनवाणी खेळू देईनात म्हणून गेलो नाही, ही गोष्ट अजून सांगितली जाते. त्या काळचे कप्तान शैलेन मन्ना यांनी नंतर वेगळंच सांगितलं: आपल्या फुटबॉल महासंघाला विश्वचषकाचं महत्त्वच वाटलं नव्हतं, त्यांच्या लेखी ऑलिंपिक हेच सर्वस्व होतं. अनवाणी पायांची गोष्ट ऐकायला गोड आहे, म्हणूनच ती इतकी टिकली. पण त्या गोडव्यानं आपलं नुकसान केलं आहे. आपण चांगले होतो ते निरागस होतो म्हणून, असं ती आपल्याला शिकवते. सय्यद अब्दुल रहीम यांचं काम पाहिलं की ते किती खोटं आहे ते कळतं.

रहीम हैदराबादचे शाळामास्तर. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. १९५० पासून हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांच्या हाताखाली आला आणि त्या संघानं मुंबईत कूपरेजवर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स चषक जिंकला. त्यांची पद्धत शिक्षकाची होती. जे येत नाही तेच पुन्हापुन्हा करून घ्यायचं. फक्त कमजोर पायानं खेळायच्या स्पर्धा ते भरवत. उजवा पाय धारदार असलेल्यानं तिथं डाव्यानंच खेळायचं. ड्रिबलिंगला बंदी असलेले सामनेही ते घेत. चेंडू मिळाला की नाचवत बसायचं नाही, लगेच पुढं द्यायचा. मैदान एका जागी स्थिर उभं राहून समजत नाही, चेंडू येण्याआधीच पुढची जागा ठरलेली हवी, हे त्यांनी पोरांच्या पायांत उतरवलं. आज जगभर ज्याला आधुनिक खेळ म्हणतात त्यातलं बरंचसं हा मास्तर तेव्हा घटवून घेत होता.

भारतीय संघाची सूत्रंही त्यांच्याच हाती आली. १९५१ला दिल्लीतल्या पहिल्या आशियाई खेळांत इराणला १-० हरवून सुवर्ण मिळालं, गोल मेवालालचा. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ चिरडलं. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. रहीम त्या पराभवातून शिकले, आणि चार वर्षांनी मेलबर्नला जो संघ उतरला तो वेगळा होता. १ डिसेंबर १९५६. यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोनदा आघाडी घेतली, दोनदा बरोबरी झाली, आणि शेवटी ४-२. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसूझाचे. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. मुंबईच्या मैदानांवर वाढलेला गोवेकर घरातला पोरगा, आणि गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता! उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यानंच केला. पुढे मात्र चार खाल्ले. बल्गेरियाकडून हरून आपण चौथे आलो. ऑलिंपिकमध्ये भारतीय फुटबॉलनं गाठलेली सर्वांत वरची पायरी आजही तीच आहे.

पण माझं मन अडकतं ते जकार्ताला, १९६२ मध्ये. पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी, ०-२ हार. थायलंडविरुद्ध बचावाचा कणा असलेल्या जर्नैल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. दुसऱ्या कुणी त्याला बाकावर बसवलं असतं. रहीमनी उपांत्य सामन्यासाठी त्याला चक्क सेंटर फॉरवर्ड केलं. हा जुगार वाटतो, पण ज्यांच्या हाताखाली खेळाडू एका जागेला आणि एका पायाला बांधलेलेच नसत, त्यांना ते सहज सुचलं असणार. जर्नैलनं दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला आणि ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यातही केला. पी. के. बॅनर्जीचा सतराव्या मिनिटाला, जर्नैलचा तीन मिनिटांनी. समोर तोच दक्षिण कोरिया, आणि इस्रायल-तैवानच्या वादामुळे भारतावर चिडलेलं लाखभराचं प्रेक्षागार. २-१. सुवर्ण.

रहीमना तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग झालेला होता. ११ जून १९६३ला ते गेले.

१९६४च्या आशियाई चषकात संघ दुसरा आला, १९७०च्या आशियाई खेळांत कांस्य मिळालं, ती त्याच शाळेची उरलेली पुंजी. १९६०च्या रोमनंतर आपला पुरुष संघ ऑलिंपिकला पात्र ठरलेला नाही. आशियाई चषकाची मुख्य फेरी १९६४नंतर १९८४, २०११, २०१९ आणि २०२४ मध्ये गाठली, पण एकदाही गटाबाहेर पडता आलं नाही. २०१९ला थायलंडला ४-१ हरवलं, बहारीनविरुद्ध भरपाई वेळेतल्या पेनल्टीनं स्वप्न मोडलं. २०२४ला तीन सामन्यांत एकही गोल नाही. मधल्या जवळजवळ वीस वर्षांत सुनील छेत्रीनं हा डोलारा एकट्यानं तोलला. २०१८ला अंधेरीत चिनी तैपेईविरुद्ध त्यानं हॅट्ट्रिक केली तेव्हा स्टेडियममध्ये अडीच हजार लोक होते. शिव्या द्यायला तरी या, असं त्यानं हात जोडून सांगितलं आणि पुढच्या सामन्याला जागा उरली नाही. जून २०२४ला निवृत्त झालेल्या त्या माणसाला चाळिशीत पुन्हा बोलवावं लागलं. गोल कोण करणार, या प्रश्नाला महासंघाकडे दुसरं उत्तर नव्हतं.

काळजी वाटते ती इथं. फातोर्ड्यानंतर नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशानं १-० हरवलं. १९९६ मध्ये जागतिक क्रमवारीत ९४वा असलेला संघ १४२वर आला. २०२२ मध्ये फिफानं महासंघाला बाहेरच्या हस्तक्षेपामुळे काही दिवस निलंबित केलं होतं. २०२५ मध्ये महासंघ आणि व्यावसायिक भागीदारांमधला करार संपत आला आणि देशाची मुख्य लीगच महिनोन्महिने खोळंबली. खेळाडूच्या आयुष्यात धावायची वर्षं दहा-बारा असतात. त्यातले महिने कागदांसाठी जाळणं हा गुन्हाच आहे, आणि त्याबद्दल कुणाला लाज वाटल्याचं मला दिसलं नाही. मुलींचा संघ त्याच वर्षी जुलैमध्ये थायलंडला त्यांच्याच घरात २-१ हरवून आशियाई चषकाला पात्र ठरला, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून तिथं पोचण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. त्याचा जल्लोष मात्र दोन दिवसांत विरला.

फातोर्ड्याहून माझी परतीची गाडी बुधवारी रात्रीची होती. त्या गृहस्थांनी संध्याकाळी मैदानावर बोलावलं. दहा-बारा वर्षांची वीसेक पोरं होती. प्रत्येकाच्या एका बुटाला लाल कापडाची पट्टी बांधलेली, बहुतेकांच्या उजव्या, दोघा-तिघांच्या डाव्या. पट्टीच्या पायानं चेंडूला शिवलं की फाउल. शिट्टी दर अर्ध्या मिनिटाला वाजत होती. पोरं चिडत होती, चेंडू भलतीकडे जात होते. एक बारीकसा पोरगा गोलसमोर मोकळा सापडला, सवयीनं उजवा पाय उचलला, थांबला, तोल सावरत डाव्यानं मारला. चेंडू खांबाच्या हातभर बाहेरून कुंपणाला जाऊन लागला.

“परत,” मास्तर म्हणाले आणि दुसरा चेंडू त्याच्या डाव्या पायाकडे सरकवला.