नळ आले की ब्लॉक धुवायचा

छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या एका रो-हाउसच्या पोर्चमध्ये मारुती ८०० उभी आहे आणि तिचं इंजिन आतल्या टेबलावर सुटं पडलंय, असं कळलं म्हणून पाहायला गेलो. घरी इंजिन बांधणारा माणूस हौशी असणार, अशी माझी समजूत. हे काका हौशी नव्हेत. वाळूजच्या एका कारखान्यात होनिंग मशीनवर त्यांची उभी नोकरी झाली. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, पुढे शेंद्र्यात स्कोडा आली. या काळात मायक्रॉनमध्ये मोजणारी किती तरी माणसं या शहरानं घडवली. निवृत्तीनंतर ते हात काय करतात, हे मात्र कुणी विचारायला जात नाही.

गाडी निळा धूर सोडत होती, ऑइल खात होती. इंजिन उतरवणं, हेड काढणं, पिस्टन बाहेर घेणं ही कामं ओळखीच्या गॅरेजमधल्या पोराला हाताशी घेऊन उरकली होती. काकांनी माझं बोट धरून सिलेंडरच्या भिंतीवरून वर नेलं. काठाच्या थोडं खाली नख अडकलं. "तिथपर्यंत रिंग जाते. खाली घासलंय, वर तसंच राहिलंय."

असा झिजलेला सिलेंडर कापून थोडा मोठा करावा लागतो. हे बोरिंग घरी होत नाही. त्यासाठी ब्लॉक मशीन शॉपला जातो. पण काकांनी आधी पॉइंट पन्नासचे ओव्हरसाइझ पिस्टन आणले, तिन्ही मायक्रोमीटरनं मोजले, त्यांवर एक-दोन-तीन लिहिलं आणि मगच ब्लॉक दिला. ज्याचा त्याचा बोअर, ज्याचा त्याचा पिस्टन. ६८.५ मिलिमीटरचा बोअर ६९ होणार आणि पिस्टन त्याहून इवलासा बारीक. किती? "चाळीस मायक्रॉन." माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन भरतो. ब्लॉक परत आल्यावर डायल गेज आत घालून ते वर, मध्ये, खाली मोजत राहिले. मग आडवं, पुन्हा उभं. "चाळीस," ते स्वतःशीच म्हणाले. दुसऱ्या सिलेंडरलाही चाळीस.

मला वाटलं, आता जोडायचं. पण काम इथंच थांबलं, कारण नळ यायचे होते.

बोरिंगनंतर होनिंगच्या दगडानं घासताना सिलेंडरच्या भिंतीवर बारीक तिरप्या रेघा उमटतात आणि दगडाचे कण त्यांत रुतून बसतात. अनेक ठिकाणी ब्लॉक डिझेलनं धुतात आणि हवा मारतात. डिझेलनं तेलकटपणा जातो, कण तिथंच राहतात आणि नव्या रिंगा पहिल्या दिवसापासून घासू लागतात. ते कण उठवायला कडकडीत पाणी, साबण आणि ब्रश लागतो. पाणी तर भरपूर लागतं. जायकवाडीचं पाणी या शहरातल्या नळांना काही दिवसांआड येतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

"अहो, नळ आले!" आतून हाक आली. काकूंनी आधी टाकी भरली, मग धुणं, मग इंजिनाच्या वाट्याला बादल्या. तापलेलं लोखंड, साबण आणि जुनं ऑइल यांचा मिळून एक वास पोर्चभर झाला. काकांनी जुन्या बनियनचा पांढरा तुकडा सिलेंडरमधून फिरवला. करडा निघाला. पुन्हा ब्रश, पुन्हा पाणी, पुन्हा करडा. काकू दारात उभ्या राहून बादल्या मोजत होत्या. शेवटी तुकडा पांढरा निघाला. काकांनी तो मला दाखवला, काकूंना दाखवला आणि लगेच ब्लॉक पुसून भिंतींना ऑइल चोळलं. ओलं उघडं लोखंड बघता बघता गंजतं.

हिशेबात बसणारा हा उद्योग नव्हे. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. पंधरा वर्षं उलटली की खासगी गाडीच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. जुनं इंजिन विकत घेऊन बसवता येतं, पण त्याचा नंबर वेगळा, म्हणजे आरटीओच्या खेपा. "ब्लॉक माझा, नंबर माझा," काका म्हणाले. मला हे कारण पुरेसं वाटलं नाही. खरं कारण ते चाळीस मायक्रॉन असावेत.

रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ नयेत म्हणून फिरवून, कॅप आपापल्या रॉडला लावून, टॉर्क पान्यानं बोल्ट आवळून इंजिन जोडलं गेलं. ते चालू झालं, निळा धूर गेला.

तुमच्या गाडीचं इंजिन कधी खोलावं लागलं, तर बिलावर घासाघीस जरूर करा, पण बोरिंगनंतर ब्लॉक कशानं धुतला, हेही विचारा. उत्तर डिझेल असेल, तर घरून साबण आणि दोन बादल्या पाणी घेऊन जा.