एकदा करा, पुन्हा पुन्हा वापरा : पानाच्या मांडणीतले घटक कसे जपून ठेवावेत?



शाळेत वर्षभरात किती कागद तयार होतात, ते एकदा मोजून बघा. पालकसभेची सूचना, कार्यपत्रिका, स्नेहसंमेलनाची पत्रिका, स्पर्धेची प्रमाणपत्रे, वार्षिक अंक... या प्रत्येक कागदावर काही गोष्टी त्याच असतात. शाळेचे नाव, बोधचिन्ह, यू-डायस क्रमांक, सहीची जागा, सभोवतीची किनार. तरीही दर वेळी आपण जुनी फाईल शोधतो, त्यातला मजकूर खोडतो आणि नवीन लिहितो. त्यात कधी मागच्या वर्षाची तारीख तशीच राहते, तर कधी बदलून गेलेल्या मुख्याध्यापकांचे नाव. प्रमाणपत्र मुलाच्या घरी भिंतीवर वर्षानुवर्षे लागते. त्यावरची चूकही तितकीच वर्षे टिकते. म्हणून आज हा विषय घेऊया.

घटक म्हणजे काय?

पहिली-दुसरीच्या मुलांकडून आपण भेंडीचे ठसे करून घेतो. भेंडी एकदाच कापायची, मग त्याच ठशाने कितीही फुले उमटवायची. पानाच्या मांडणीतला घटक म्हणजे असाच एक ठसा. शीर्षपट्टी, चौकट, तक्ता, चिन्ह, सहीची ओळ यांपैकी जे पुन्हा लागणार आहे, ते एकदा नीट तयार करायचे, त्याला नाव द्यायचे आणि वेगळे जपून ठेवायचे.

ही कल्पना आपल्या भागात जुनीच आहे

आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मिरजेचे उदाहरण घ्या. नाना फडणवीसांच्या काळात पुण्यात तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरे कोरून छापण्याचा प्रयत्न सुरू झाला होता. नानांच्या मृत्यूनंतर तो कारागीर मिरजेला आला आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली भगवद्गीता छापली गेली. काम थोर होते, पण त्याची एक मर्यादा होती. पत्र्यावर पूर्ण पान उलट्या अक्षरांत कोरायचे. एका पानासाठी कोरलेला 'क' दुसऱ्या पानाला उपयोगी पडत नाही. नवीन पान म्हणजे पुन्हा पहिल्यापासून कोरणे!

पुढे सुटे खिळे आले आणि ही अडचण सुटली. छापून झाले की खिळे धुऊन आपापल्या खणात परत ठेवायचे, उद्या त्याच खिळ्यांतून दुसरे पान जुळवायचे. चित्राचा किंवा नावाचा ब्लॉकही जपून ठेवता येई आणि पुढच्या अंकाला पुन्हा काढता येई. किर्लोस्करवाडीसारख्या छोट्या गावातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर', १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' अशी मासिके सुरू झाली. मासिक दर महिन्याला वेळेवर काढायचे, तर प्रत्येक वेळी सगळे नव्याने करून कसे चालेल?

साताऱ्याकडेही बघा. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. शाखा कितीही असोत, वटवृक्ष तोच. चिन्ह सगळीकडे सारखे असले की वाचणाऱ्याला कागद कोणाचा ते लगेच कळते.

आता आपल्या कॉम्प्युटरकडे वळूया. जुनी फाईल खोडून नवीन करणे ही मिरजेच्या पत्र्याची पद्धत झाली. आपल्याला खिळ्यांची पद्धत शिकायची आहे.

प्रत्यक्ष कसे करायचे?

१) वर्ड : शीर्षपट्टी तयार करा आणि ती निवडा. आल्ट आणि एफ-३ ही बटणे एकत्र दाबा. चौकट उघडेल. तिथे नाव द्या, उदा. 'शीर्षपट्टी', आणि ओके करा. पुढच्या वेळी कोणत्याही फाईलमध्ये हे नाव टाईप करून एफ-३ दाबा, पट्टी हजर! इन्सर्ट मेनूतल्या क्विक पार्ट्समधूनही ती घेता येते. वर्ड बंद करताना बदल जपून ठेवायचे का असे विचारले, तर होय म्हणा.

२) लिबर ऑफिस : हे मोफत आहे. यात याच सोयीला ऑटोटेक्स्ट म्हणतात. निवडलेला भाग कंट्रोल आणि एफ-३ दाबून साठवायचा, छोटे नाव लिहून एफ-३ दाबले की तो परत येतो.

३) इनडिझाईन : शाळेचा वार्षिक अंक किंवा स्मरणिका करणाऱ्यांसाठी. फाईल, न्यू, लायब्ररी असे गेले की एक रिकामी पेटी उघडते. चौकटी, किनारी, चिन्हे त्यात ओढून टाकायची. ही पेटी स्वतंत्र फाईल असते, त्यामुळे ती पेन ड्राईव्हवर घालून दुसऱ्यालाही देता येते. पानातला घटक ओढून थेट डेस्कटॉपवर टाकला, तर त्याची स्निपेट नावाची छोटी फाईल बनते. तीही तशीच वापरता येते.

४) स्क्रायबस : हेही मोफत. यात घटकावर राईट क्लिक करून तो स्क्रॅपबुकमध्ये पाठवता येतो.

हे नीट समजून घ्या : नक्कल की जोडणी?

इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. वर सांगितलेल्या पद्धतींत पानावर येते ती घटकाची नक्कल. पेटीतली शीर्षपट्टी आज बदलली, तर मागच्या महिन्यात केलेली पत्रे आपोआप बदलत नाहीत. एका अर्थी ते बरेच आहे, जुना कागद जुनाच राहायला हवा. पण अर्धवट झालेल्या फाईलींमध्ये नवीन पट्टी आपल्यालाच घालावी लागते.

जोडणी वेगळी. इनडिझाईनमध्ये चित्र पानावर दिसते, पण मूळ चित्राची फाईल बाहेर असते. लायब्ररीत ठेवले तरी तसेच. मूळ चित्र पुसले किंवा फोल्डर हलवले, तर छपाईच्या वेळी चित्र धुरकट येते. म्हणून लायब्ररी आणि तिच्यातली चित्रे एकाच फोल्डरमध्ये ठेवा. फोल्डर द्यायचे तर पूर्ण द्या.

मराठीसाठी खास काळजी

जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात मराठी, पण आत साठवलेली असतात इंग्रजी कळांची चिन्हे. तो फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसेल, तर आपली सुंदर शीर्षपट्टी म्हणजे नुसती अगम्य चिन्हे! म्हणून जपून ठेवायचा मजकूर युनिकोडमध्येच लिहा. मंगल, निर्मला, मुक्त, नोटो सान्स देवनागरी असे फॉन्ट चालतील.

इनडिझाईनमध्ये 'शिक्षण' शब्दाची वेलांटी चुकीच्या जागी गेली किंवा जोडाक्षर फुटले, तर परिच्छेदाच्या पर्यायांत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. तो परिच्छेदाच्या स्टाईलमध्येच ठरवून ठेवला, की दर वेळी शोधावे लागत नाही. मात्र दोन फाईलींत एकाच नावाची स्टाईल असेल, तर नवीन फाईलमधली स्टाईल लागू होते आणि आणलेल्या घटकाचे रूप बदलते. म्हणून स्टाईलना वेगळी, स्पष्ट नावे द्या.

काय ठेवायचे, काय नाही?

ठेवा : शाळेचे नाव व पत्ता, चिन्ह, रिकामे प्रमाणपत्र, कार्यपत्रिकेची चौकट, गुणांचा तक्ता.

ठेवू नका : मुलांची नावे आणि फोटो. नावाच्या जागी रिकामी रेघ ठेवा, म्हणजे एकाचे नाव दुसऱ्याच्या प्रमाणपत्रावर जाणार नाही. मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्काही स्कॅन करून सर्वांच्या पेटीत टाकू नये. सही प्रत्येक वेळी हातानेच व्हावी.

घटकाच्या नावात काम आणि वर्ष लिहा : 'प्रमाणपत्र-आडवे-२०२५'. 'नवीन', 'फायनल', 'फायनल-२' अशा नावांवरून पुढच्या वर्षी आपल्यालाच काही कळत नाही.

शेवटचे पण महत्त्वाचे

वर्डमधले क्विक पार्ट्स त्याच कॉम्प्युटरवर राहतात. आपली बदली झाली, कॉम्प्युटर फॉरमॅट झाला, की सगळे गेले. मागे राहिलेले शिक्षक पुन्हा पहिल्यापासून पत्रा कोरायला बसतात. म्हणून हे घटक एका टेम्प्लेट फाईलमध्येही ठेवा, फोल्डरची एक प्रत पेन ड्राईव्हवर आणि एक शाळेच्या ईमेलच्या ड्राईव्हवर ठेवा. बदलीच्या वेळी चार्ज देताना दप्तराबरोबर हे फोल्डरही द्या. तो शाळेचा ठेवा आहे.

सुरुवात मोठी नको. या आठवड्यात फक्त शीर्षपट्टी आणि एक रिकामे प्रमाणपत्र एवढेच करून बघा. वाचलेला वेळ वर्गातल्या मुलांना मिळेल.