चित्र पाहावयास ऐपत लागत नाही

चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाचा समारंभ आपल्या परिचयाचा आहे. समई प्रज्वलित होते, पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, दोन-तीन भाषणे होतात आणि मंडळी चहापानाकडे वळतात. या साऱ्या वेळात भिंतीवरील चित्रांकडे बहुतेकांची पाठच असते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच दालनात गेल्यास एका खुर्चीवर चित्रकार, शेजारी त्याचा एखादा मित्र आणि टेबलावर अभिप्रायाची कोरी वही, एवढेच दृष्टीस पडते. नाशिकमध्ये प्रस्तुत लेखकाने हे दृश्य अनेकदा पाहिले आहे. व्याख्यानास जागा न मिळाल्यास उभ्याने ऐकणारे हे शहर चित्रांच्या बाबतीत इतके उदासीन का, हा प्रश्न त्या रिकाम्या दालनातून बाहेर पडताना दर वेळी मनात येतो.

नाशिक हे मुख्यतः कानांचे गाव आहे. गोदाघाटावरील वसंत व्याख्यानमालेने येथील पिढ्यान्‌पिढ्यांना ऐकावयास शिकविले. पं. विष्णू दिगंबर पलुसकरांनी आपला आश्रम येथे उभारला. कुसुमाग्रज आणि वसंत कानेटकर यांच्या शब्दांवर या शहराचे मन पोसले गेले. परंतु याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वर येथे, १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकलेचे धडे घेतले आणि पुढे चित्राला गती देऊन साऱ्या देशाला पाहावयास शिकविले, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. कलामहर्षी वा. गो. कुलकर्णी यांनी नाशिक कला निकेतनच्या रूपाने येथे चित्रकलेच्या शिक्षणाचा पाया घातला. शिवाजी तुपे यांच्यासारख्या जलरंगकाराने गोदाकाठ, वाडे आणि खेडी कागदावर उतरविली. तेव्हा या शहरात चित्रकारांची वाण नाही. वाण आहे ती प्रेक्षकांची.

तीन सबबी

सुशिक्षित मनुष्य प्रदर्शनास का जात नाही, याची कारणे विचारली तर तीन उत्तरे मिळतात. पहिले उत्तर, ‘आम्हाला त्यातले कळत नाही.’ हे उत्तर प्रामाणिक असले तरी पुरेसे नाही. यमन ऐकून ज्याचे डोळे ओलावतात, त्या प्रत्येकाला त्यातील तीव्र मध्यम ओळखता येतो असे थोडेच आहे? गाण्याच्या बाबतीत आपण आधी ऐकतो आणि कळणे मागाहून येऊ देतो. चित्राच्या बाबतीत मात्र आधी कळले पाहिजे, मग पाहू, असा हट्ट धरतो. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना महाराष्ट्रातील लक्षावधी मुले बसत आली आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द घराघरांत ठाऊक आहेत. श्रेणी पदरात पडली, दहावीच्या गुणांत भर पडली, की रंगपेटी माळ्यावर जाते. इतक्या मुलांना चित्र काढावयास शिकवूनही चित्र पाहावयाची सवय ज्या शिक्षणाने लावली नाही, त्यात काही तरी मोठे राहून गेले आहे.

दुसरे उत्तर, ‘आम्हाला परवडत नाही.’ यात एक गैरसमज दडलेला आहे. परवडण्याचा प्रश्न विकत घेण्यापुरता आहे. पाहण्यास काही पडत नाही. आणि तिसरे उत्तर, जे कोणी मोठ्याने देत नाही, ते असे की ते ठिकाण आपल्यासारख्यांचे नव्हे. या तिसऱ्या उत्तराचा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतला आहे. शिक्षकाच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी कामानिमित्त मुंबईस गेलो असता एका खाजगी कलादालनाच्या काचेच्या दारापर्यंत पोहोचलो होतो. आतील निळ्या रंगाचे एक मोठे चित्र बाहेरूनही दिसत होते. रखवालदाराने विचारले, ‘काय काम आहे?’ चित्र पाहावयाचे आहे, हेच काम आहे, असे सांगण्याचा धीर झाला नाही. परत फिरलो आणि सायंकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोडला आलो. ते चित्र कोणाचे होते, हे आजतागायत समजलेले नाही. दोष रखवालदाराचा किती आणि आपल्या संकोचाचा किती, याचा विचार मात्र पुढे वर्षानुवर्षे केला.

दुकान आणि दालन

व्यापारी कलादालन हे दुकान आहे, यात शंका नाही. चित्र विकले गेले की किमतीचा तिसरा हिस्सा, कित्येकदा निम्मा, दालनाचा मालक घेतो. विकल्या गेलेल्या चित्राशेजारी लाल टिकली लागते आणि ज्या प्रकारच्या चित्रांना टिकल्या अधिक, त्याच प्रकारची चित्रे पुढच्या प्रदर्शनातही दिसू लागतात. दिवाणखान्याच्या पडद्यांशी रंग जुळणारे गणपती, घोडे आणि बुद्धाचे मुखवटे यांची जी रेलचेल होते, तिचे कारण हेच. हा आक्षेप खरा आहे आणि तो लपविण्यात अर्थ नाही.

तथापि याच दुकानदारीने कलेचे काही उपकारही केले आहेत. पॅरिसमधील द्यूराँ-रुएल या व्यापाऱ्याने मोने, रन्वार प्रभृतींची चित्रे लोक ज्या काळात हसण्यावारी नेत होते, त्या काळात विकत घेतली. दिवाळे निघण्याची वेळ त्याच्यावर आली. १८८६ साली न्यूयॉर्कमध्ये भरविलेल्या प्रदर्शनानंतर त्याचे दिवस पालटले. आपल्याकडे केकू गांधी यांचा मूळ धंदा चित्रांच्या चौकटींचा. १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर कलादालनाच्या इमारतीतच त्यांनी पत्नी खोर्शेद यांच्यासह १९६३ साली ‘केमोल्ड’ हे दालन उघडले. त्याच वर्षी पंडोल यांचे दालनही सुरू झाले. चित्रकारावर सरकारी नोकरीची किंवा श्रीमंतांच्या तसबिरी रंगविण्याची पाळी येऊ नये, ही सोय अशा दालनांनी पुष्कळ अंशी केली. वर्षभर, विनामूल्य, नवीन चित्रे डोळ्यांसमोर आणणारी दुसरी व्यवस्था आपल्या समाजाने अद्याप उभारलेली नाही. ग्रंथालयाला वर्गणी लागते, नाटकाला तिकीट लागते. या दुकानात मात्र काही न घेता तासभर उभे राहता येते.

म्हणूनच सामान्य प्रेक्षकाने पाठ फिरविली की हानी दुहेरी होते. दालनात उरतो तो केवळ ग्राहक, आणि चित्राची योग्यता मोजण्यास उरते ती केवळ किंमत. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र २०२५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. नागपुरात जन्मलेल्या गायतोंडे यांच्या एका चित्राला त्याच वर्षी दिल्लीत ६७ कोटींवर बोली लागली. बातम्या आपण वाचल्या, आकडे पाठही झाले. पण ‘ग्रामयात्रा’ १९५४ साली एका परदेशी डॉक्टराने दिल्लीत घेतले, पुढे ते ऑस्लोच्या रुग्णालयाकडे गेले आणि कित्येक वर्षे तेथील भिंतीवर होते, ही हकिकत आकड्यापेक्षा बोलकी आहे. लिलावाच्या आधी कोणी तरी ते निव्वळ आवडीने पाहिले होते. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करणारे गायतोंडे २००१ साली निवर्तले, तेव्हा हे आकडे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

नाशिकने काय करावे

नाशिकपुरता हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. रामकुंड, नारोशंकराचे देऊळ, सुंदरनारायणाच्या पायऱ्या, पुराचे पाणी कोठवर चढले हे सांगणारा दुतोंड्या मारुती, जुन्या गावठाणातील वाडे, हे सारे जलरंगकारांनी वर्षानुवर्षे रंगविले आहे. त्यातील कित्येक वाडे आता पडले. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने घाटाचे रूप पुन्हा बदलते आहे. उद्याच्या नातवंडाला जुना घाट दाखवावयाचा झाला तर छायाचित्रांबरोबर ही चित्रेच उपयोगी पडतील, कारण कॅमेऱ्याला न दिसलेली सकाळची ओल त्यांत आहे. परंतु गावात पाहणारा नाही आणि घेणारा नाही, म्हणून ती मुंबई-दिल्लीच्या दिवाणखान्यांत जातात. ज्या गावचे चित्र, त्या गावच्या भिंतीवर ते नाही, ही परिस्थिती लाजिरवाणी आहे.

यावर उपाय अवघड नाहीत. दालनचालकांनी कार्यालये सुटल्यावर दोन तास आणि रविवारी दारे उघडी ठेवावीत. चित्राखालील माहिती मराठीत लिहावी. ‘काय काम आहे?’ ऐवजी ‘या’ म्हणणारा माणूस दाराशी बसवावा. कलाशिक्षकांनी वर्षातून एकदा तरी वर्ग प्रदर्शनास न्यावा आणि मुलांना निबंध लिहावयास न सांगता केवळ पाहू द्यावे. आणि आपण काय करावे? सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभात आपण वर्गणी काढून जे चकचकीत स्मृतिचिन्ह देतो, ते महिन्याभरात कपाटावर जाते. वर्गणीत थोडी भर घालून त्याऐवजी स्थानिक चित्रकाराचे छोटे जलरंगचित्र का देऊ नये? होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी तरुण चित्रकारांची चित्रे घेतली, तेव्हा ती नावे आजच्याइतकी मोठी नव्हती. आपल्या पतसंस्था, शाळा आणि सहकारी बँका वर्षाला एक चित्र सहज घेऊ शकतील.

हे सारे होईल तेव्हा होईल. तोवर निदान एवढे तरी करता येईल की येत्या रविवारी गावात जे प्रदर्शन चालू असेल, त्यात मुलांना घेऊन जावे. सगळी चित्रे पाहण्याची गरज नाही. एका चित्रासमोर दहा मिनिटे उभे राहावे, आणि निघताना अभिप्रायाच्या कोऱ्या वहीत, ‘सुंदर’ एवढेच न लिहिता, त्या चित्रात काय दिसले ते दोन ओळींत लिहावे. चित्रकाराला त्याची वाट पाहावी लागत आहे.