गादी भरण्याआधी माप विचारावं लागतं

अकोल्यात माझ्या दुल्हाभाईंचं गादीभराईचं दुकान आहे. त्यांचे वडील हाताच्या धुनकीवर कापूस पिंजत. आता मशीन आलं आहे. मागच्या हिवाळ्यात बारावीतल्या भाचीने हट्ट धरला, “अब्बू, आपण वेबसाइट करू.” पानं तयार झाली, पण त्यांत लिहायचं काय? तिने मोबाइलवरच्या एआयला, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेला, एका ओळीत सांगितलं: “अकोल्यातल्या गादीच्या दुकानासाठी छान मजकूर लिही.” अर्ध्या मिनिटात मजकूर हजर. पोरीने तो तसाच वेबसाइटवर चढवला.

दोन दिवसांनी मी अमरावतीहून आपाकडे गेले होते. दुकानात फोन वाजला. मूर्तिजापूरच्या एक वयस्कर बाई विचारत होत्या, “तुमची गादी घेतली तर माझी कंबर बरी होईल ना? तसं लिहिलंय म्हणून विचारते.” दुल्हाभाई गोंधळले. म्हणाले, “नाही अम्मा, कंबरेसाठी डॉक्टरला दाखवा. मी फक्त गादी भरतो.” फोन ठेवून त्यांनी भाचीला हाक मारली आणि सगळा मजकूर मोठ्याने वाचायला लावला.

त्यात दुकान कळसूबाईच्या कुशीत होतं. कापूस सेंद्रिय होता. दुकानाला पन्नास वर्षांची परंपरा आणि हजारो समाधानी ग्राहक होते. कंबरदुखी पळून जात होती. दुल्हाभाई इतकंच म्हणाले, “लिहिलंय छान, पण हे आपलं दुकान नाही.”

असं का झालं? हे यंत्र अफाट लिखाणावरून शिकलेलं असतं आणि एका शब्दानंतर कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधत जातं. आपलं दुकान त्याने पाहिलेलं नसतं. जिथे माहिती नसते तिथे ते थांबत नाही, शोभेलसं काहीतरी भरून टाकतं. कळसूबाई अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आहे. यंत्राने अकोला आणि अकोले एकत्र केले. अमरावतीकरांनीही जपावं, कारण त्याच नावाचं शहर आंध्र प्रदेशातही आहे. सेंद्रियचं तर विचारूच नका. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि आज वऱ्हाडातला बहुतेक कापूस बीटी वाणाचाच आहे. सेंद्रिय शेतीच्या नियमांत असं बियाणं चालत नाही.

आम्ही बोलत असतानाच एक गिऱ्हाईक आलं. “एक गादी भरून द्या.” दुल्हाभाईंचे प्रश्न सुरू झाले. पलंगावर टाकायची की खाली? किती बाय किती? कापूस नवा की घरचा जुना पिंजून हवा? खोळ कोणत्या कापडाची? कधी पाहिजे? भाची माझ्याकडे बघून हसली. तिला कळलं होतं. यंत्राला आपण ‘एक गादी भरून द्या’ एवढंच सांगितलं होतं, आणि त्याने उलट काही न विचारता भरून दिली होती. ते विचारत नाही, म्हणून हे प्रश्न आपणच आपल्याला विचारायचे आणि त्यांची उत्तरं सूचनेत लिहायची. या लेखी सूचनेलाच ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात.

रात्री जेवणानंतर आम्ही नवी सूचना लिहिली:

“महाराष्ट्रातल्या वऱ्हाडातील अकोला शहरात आमचं गादीभराईचं दुकान आहे. वाचणारे म्हणजे अकोला-अमरावतीकडची कुटुंबं, बहुतेक घरातल्या बायका. आम्ही गादी, रजई, उशी आणि तक्के भरतो. नवा कापूस वापरतो, गिऱ्हाइकाचा जुना कापूसही पिंजून देतो. शुक्रवारी दुपारी नमाजच्या वेळी दुकान बंद असतं. १२० शब्दांत लिही. वाक्यं लहान ठेव, मराठी बाजारात बोलतात तशी. ‘सर्वोत्तम’, ‘जागतिक दर्जा’ असे शब्द नकोत. आजार बरा होतो असं लिहू नकोस. मी दिलेल्या माहितीबाहेर काहीही जोडू नकोस. माहिती कमी पडली तर लिहिण्याआधी मला विचार.”

शेवटच्या दोन वाक्यांनी मोठा फरक पडला. या वेळी यंत्राने आधी विचारलं: घरपोच देता का? भाव लिहायचा का? उत्तरं दिल्यावर मजकूर आला तो बराच आपला वाटला. तरी ‘निद्रासुख’ आणि ‘मॅट्रेस’ हे दोन शब्द होतेच. भाचीने सांगितलं, “गादीच लिही,” आणि ते बदललं. इथे कामाचाही मुद्दा आहे. लोक मोबाइलवर ‘अकोल्यात गादी भरून मिळेल’ असंच शोधतात. ते शब्द पानावर असले तर दुकान सापडणं सोपं जातं.

भगिनींनो, तुमचा मसाल्याचा, शिवणकामाचा किंवा शिकवणीचा उद्योग असेल तर हीच रीत चालेल. गाव जिल्ह्यासकट लिहा. वाचणारं कोण, ते सांगा. खरी माहिती द्या. काय लिहायचं नाही, तेही सांगा. घरच्यांचे आधार क्रमांक, बँकेचा तपशील, गिऱ्हाइकांची नावं मात्र यंत्राला देऊ नका. आणि आलेला मजकूर त्या धंद्यातल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. चूक त्याच्याच कानाला आधी खटकते.

‘यंत्राने लिहिलं’ ही सबब चालत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वेबसाइटवरची जाहिरातही जाहिरातच धरली आहे, आणि ती दिशाभूल करणारी निघाली तर उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण आपाला कायद्यापेक्षा मूर्तिजापूरच्या त्या बाईंची काळजी होती. “त्यांनी फोन केला म्हणून कळलं,” ती म्हणाली. “न विचारता पैसे पाठवले असते तर?” माल विकताना त्यातली खोट झाकू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. जी खुबी मालात नाही ती सांगणं हीसुद्धा खोटच.

आता वेबसाइटवर नवा मजकूर आहे. त्यातलं शेवटचं वाक्य यंत्राचं नाही. भाचीने अब्बूंना विचारलं, “गिऱ्हाइकाला तुम्ही काय सांगता?” ते म्हणाले ते तिने जसंच्या तसं टाकलं: “जुना कापूस घेऊन या, तुमच्यासमोर तोलून पिंजून देऊ.”